बिळातील पाखरे आणि मातीतील जीवसृष्टी

न्यूझीलंडच्या उत्तर किनाऱ्यालगतच्या बेटांवर पेट्रेल, शिअरवॉटर आदी समुद्रपक्षी सागरावर भक्ष्य टिपून रात्रीच्या अंधारात आपापल्या बिळांकडे परततात, आणि विष्ठा, पिसे, फुटलेली अंडी व मृत पिल्ले यांच्या रूपाने समुद्रातील नत्र व स्फुरद यांचा भरणा जमिनीच्या खाती जमा करतात. शिवाय चोच व नखे यांनी माती उकरून तिची सतत उलथापालथ करीत असल्यामुळे ती भुसभुशीत, सकस आणि आम्लधर्मी होते.

या मातीवर असंख्य कृमी, कीटक व कोळी पोसले जातात. तुआतारा हा प्राचीन सरीसृप पक्ष्यांच्याच बिळात आश्रय घेऊन रात्री दाराशी येणारे भुंगेरे आणि वेटा नावाचे पंखहीन नाकतोडे टिपतो. मात्र जेथे पक्ष्यांची दाटी फार, तेथे पालापाचोळा तुडवला जाऊन वा बिळात ओढला जाऊन त्यात राहणाऱ्या काही जीवांचा निवारा हिरावलाही जातो.

अशा 18 बेटांची, म्हणजे उंदरांचा अंमल असलेल्या 9 आणि उंदीरमुक्त अशा 9 बेटांची, तुलना 2006 साली प्रसिद्ध झाली. उंदरांनी अंडी व पिल्ले फस्त केलेल्या बेटांवर बिळे विरळ, मातीचा कस कमी आणि मातीतील अनेक प्राणिगटांची संख्या घटलेली आढळली. म्हणूनच तेथे उंदरांचा बंदोबस्त करणे हे केवळ पक्षिरक्षण नसून मृत्तिकारक्षणाचेही कार्य होय.