ऐकून घेण्याचं काम

मार्च २०१४ मधली एक बातमी माझ्या मनातून जात नव्हती. व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स बॅसिलिकात पोप फ्रान्सिस लोकांची कन्फेशनं ऐकायला निघाले होते. बसायची जागा दाखवायला सोबत एक जण होता. पण पोप मधेच वळले, दुसरीकडे बसलेल्या एका साध्या धर्मगुरूसमोर गेले आणि गुडघे टेकून स्वतःचीच पापं सांगू लागले. जगभरच्या कॅथलिकांचा प्रमुख, आणि त्यालाही देवाशी थेट बोलून भागत नाही? वारकऱ्यांच्या मुलखात वाढलेल्या कुणालाही हा प्रश्न पडेल. देव आणि भक्त यांच्यामध्ये तिसरा हवाच कशाला?

तो प्रश्न घेऊन मी ईस्टरच्या आधीच्या दिवसांत वसईतल्या एका चर्चमध्ये गेले. या दिवसांत इथे पापनिवेदनासाठी खास संध्याकाळी ठरवलेल्या असतात आणि आसपासच्या धर्मग्रामांतले फादर मदतीला येतात. त्या दिवशी पाच जण होते. एक जुन्या लाकडी कन्फेशनलमध्ये, बाकीचे भिंतीलगत खुर्च्या टाकून, मध्ये जाळीचा आडपडदा. वाडीतलं काम आटोपून आलेल्या बायका, विरार लोकलमधून उतरून तसेच आलेले पुरुष, दहावीच्या परीक्षेतून सुटलेली मुलं. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. बायकांच्या केसांतल्या सोनचाफ्याचा वास तेवढा सगळीकडे होता.

सगळ्यात आखूड रांग गावच्याच फादरांपुढे होती. लांबलचक रांगा होत्या त्या बाहेरून आलेल्यांपुढे. याचं कारण विचारायची गरज नव्हती. ज्यांच्या घरी रविवारी जेवायला बोलावतो, त्यांच्या कानात हे सगळं कसं घालायचं? गंमत अशी की १२१५ साली रोमच्या लॅटरन परिषदेने प्रत्येक सज्ञान ख्रिस्ती माणसाने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावं असा नियम केला, तेव्हा ते ‘आपल्याच’ धर्मगुरूपाशी करावं असं म्हटलं होतं. आठशे वर्षांत लोकांनी त्यातली अडचण ओळखली आहे.

मी ज्यांच्या जवळपास बसले होते ते फादर सत्तरीकडे झुकलेले. उजव्या कानाने त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांनी आल्याआल्या खुर्ची फिरवून घेतली, डावा कान जाळीकडे येईल अशी. गळ्यात जांभळी स्टोल, हातात घडी घातलेला रुमाल. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, शब्द तर ऐकूच येणार नव्हते. दिसत होता फक्त उजवा हात. माणूस येतो, गुडघे टेकतो, मागचं कन्फेशन कधी केलं ते सांगतो, पापं सांगतो, फादर दोन शब्द बोलतात, प्रायश्चित्त देतात, तो पश्चात्तापाची प्रार्थना म्हणतो. आणि मग आडपडद्याच्या वर तो हात उठतो, क्रुसाची खूण करतो, खाली जातो. थोड्या वेळाने परत उठतो. मी दुसरीकडे बघायचा प्रयत्न केला, रांग न्याहाळली, खिडक्या न्याहाळल्या, पण नजर त्या हाताकडेच जायची.

“साधारण तीन मिनिटं,” नंतर अंगणात चहा घेताना ते म्हणाले. “एकेकाला तीन मिनिटं मिळतात. मागे रांग असते ना.”

तीन मिनिटं! पहिल्या शतकांतलं प्रायश्चित्त वर्षानुवर्षं चालायचं. धर्मत्याग, खून, व्यभिचार अशा पापांसाठी माणूस सगळ्यांदेखत पश्चात्तापी म्हणून उभा राहायचा, उपास करायचा, चर्चच्या दाराशी लोकांची प्रार्थना मागायचा, आणि ही संधी आयुष्यात एकदाच. शिक्षा आधी, क्षमा शेवटी. पुढे आयर्लंडच्या मठवाशांनी सहाव्या शतकाच्या सुमारास दुसरी वाट काढली: खाजगीत सांगायचं, हवं तितक्या वेळा सांगायचं. आणि कालांतराने क्रमही उलटला. आता क्षमा लगेच मिळते, प्रायश्चित्त नंतर करायचं असतं.

पण धर्मगुरूच का? फादरांनी योहानच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय सांगितला. पुनरुत्थानानंतर येशू शिष्यांवर श्वास टाकतो आणि पापांची क्षमा करण्याचा अधिकार त्यांच्या हाती देतो. चर्च म्हणतं की तो अधिकार परंपरेने धर्मगुरूकडे आला. क्षमा करतो देवच, हात तेवढा माणसाचा. हे उत्तर श्रद्धावंताला पुरेसं आहे. मला जास्त पटलं ते त्यांनी पुढे सहज म्हटलेलं वाक्य. “देवाला आधीच ठाऊक असतं. त्याला सांगायला कसली लाज? माणसाला सांगताना घाम फुटतो.”

हे खरं आहे. मनातल्या मनात देवाची माफी मागताना आपण आपलं पाप किती सौम्य शब्दांत सांगतो! समोर कान असला की शब्द निवडता येत नाहीत. शिवाय पाप क्वचितच एकट्याचं असतं; ज्याचं नुकसान झालं तो असतो, ज्या गावात ते घडलं ते गाव असतं. कुणीतरी त्या सगळ्यांच्या वतीने समोर बसायला हवं, हे मला आता पटतं.

या कामाची दुसरी बाजू म्हणजे तोंड बंद ठेवणं. १२१५ च्याच परिषदेने गुपित फोडणाऱ्या धर्मगुरूला पदावरून काढून जन्मभर मठात डांबायची शिक्षा सांगितली होती. आज जाणूनबुजून गुपित फोडणारा आपोआप चर्चबाहेर पडतो. आणि बोलायचं नाही एवढंच नाही, ऐकलेल्याचा वापरही करायचा नाही. “समजा, दानपेटीची किल्ली ज्याच्याकडे आहे त्यानेच पेटीतून पैसे घेतल्याचं सांगितलं,” फादर म्हणाले. “तर मी त्याच्याकडून किल्ली काढून घेऊ शकत नाही. पैसे परत कर, एवढं त्याला तिथेच सांगू शकतो. परत करायची तयारीच नसेल तर क्षमाही देता येत नाही. पण उद्या मी त्याच्याशी कालच्यासारखंच वागायचं.”

लोकांची गुपितं ऐकण्यातून येणाऱ्या ताकदीचा गैरवापर झाला आहे, आणि तो चर्चलाच आधी ठाऊक होता. मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमेओ यांनी सोळाव्या शतकात धर्मगुरू आणि स्त्रिया यांच्यामध्ये लाकडी फळी आणि जाळी आणली ती उगाच नाही. कन्फेशनच्या आडून स्त्रियांकडे नको ती मागणी करणाऱ्या धर्मगुरूंवर इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्याच धर्मन्यायालयाने, खटले चालवले. २०१८ मध्ये केरळात मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्चच्या काही धर्मगुरूंवर एका विवाहितेचं पापनिवेदन वापरून तिला धमकावल्याचे आरोप झाले, आणि राष्ट्रीय महिला आयोगाने ही प्रथाच बंद करावी अशी शिफारस केली. मुंबईचे कार्डिनल ग्रेशियस यांनी तिला ठाम विरोध केला. प्रथा बंद करणं मलाही योग्य वाटत नाही. पण मुलांवरच्या अत्याचाराचं काय? याच प्रश्नाची चौकशी करणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या रॉयल कमिशनने २०१७ मध्ये म्हटलं की अशी गोष्ट कन्फेशनमध्ये कळली तरी पोलिसांना कळवणं सक्तीचं हवं. चर्चने नकार दिला. इथे माझं मन चर्चच्या बाजूने जात नाही. फादर म्हणाले, “मी त्याला पोलिसांकडे जा म्हणेन, पुन्हा पुन्हा म्हणेन.” पण तो गेला नाही तर? त्यांनी मान हलवली. ओझं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण त्या मुलाला त्याचा काय उपयोग?

फादर स्वतः दर महिन्याला दुसऱ्या गावच्या फादरांकडे जाऊन गुडघे टेकतात. स्वतःला क्षमा देण्याचा अधिकार कुणालाच नाही, पोपलाही नाही.

निघताना फाटकापाशी साठीच्या एक बाई भेटल्या. मी रांगेत नव्हते हे त्यांनी पाहिलं होतं, म्हणून त्याच बोलायला लागल्या. बांधावरून जावेशी भांडण, नऊ वर्षं अबोला, एकाच अंगणात दोन चुली. हेच त्या दर ईस्टरला सांगायच्या आणि दर ईस्टरला प्रार्थना म्हणून सुटायच्या. यंदा बाहेरचे फादर भेटले.

“काय दिलं प्रायश्चित्त?” मी विचारलं.

“जावेच्या घरी जा म्हणाले. जा आणि तिच्या हातचा चहा पी.” त्या फणकारल्या. “पन्नास नमो मरिया दिल्या असत्या तर आत्ता बसल्या जागी म्हटल्या असत्या.”

“मग जाणार?”

“क्षमा तर मिळाली आहे,” त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, पदर सावरत, “बघू. तिला साखर कमी लागते, मला जास्त.”