पुड्यातलं पामतेल

मॉरिशसमध्ये सामान्य घरांत वापरलं जाणारं ‘रेशनचं तेल’ एकेकाळी मुख्यतः पामतेल होतं. सरकारचं नियंत्रण असलेलं, स्वस्त. १९८७च्या आरोग्य पाहणीत हृदयविकार आणि मधुमेहाचा धोका चिंता वाटावी इतका दिसला, तेव्हा सरकारने या तेलाची घडणच बदलली आणि ते पूर्णपणे सोयाबीनचं केलं. १९९२ साली पुन्हा पाहणी झाली. लोकांच्या रक्तातलं सरासरी कोलेस्टेरॉल डेसिलिटरमागे सुमारे ३० मिलिग्रॅमने उतरलं होतं. त्या बेटावर कोकणातून ऊसमळ्यांवर मजुरीला गेलेल्यांचे वंशज आहेत, ते आजही गणपती बसवतात. त्यांच्याही स्वयंपाकघरातलं हे तेल.

त्याच काळात आरोग्यप्रचाराची मोहीमही जोरात होती. त्यामुळे या घसरणीतला साधारण निम्माच वाटा तेलाचा, असा हिशेब संशोधकांनी मांडला. लठ्ठपणा मात्र वाढला आणि मधुमेह हटला नाही. तेल बदलल्याने सगळं साधत नाही, पण जे साधलं ते कुणाच्याही ताटातला घास न काढता साधलं. मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

पामतेलात सुमारे निम्मा भाग संपृक्त मेदाचा असतो आणि त्यातलं बहुतेक पामिटिक आम्ल. रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, उचलून घेण्याचं यकृताचं काम या आम्लामुळे मंदावतं. सोयाबीन किंवा शेंगदाणा तेलात संपृक्त मेद पंधरा-वीस टक्क्यांच्या आसपास, करडईत त्याहून कमी. २०१५ साली अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. कमी संपृक्त मेदाच्या तेलांपेक्षा पामतेलाने एलडीएल सुमारे ९ मिलिग्रॅमने जास्त राहतं, असं त्यात दिसलं. एकट्यादुकट्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण जगात सर्वाधिक पामतेल आयात करणाऱ्या देशाने त्याला किरकोळ म्हणू नये.

कारखानदाराला हे तेल का हवं असतं, तेही समजून घ्यायला हवं. ते स्वस्त आहे, लवकर खवट होत नाही, आणि साध्या तापमानाला अर्धवट घट्ट राहतं, म्हणून बिस्किट खुसखुशीत होतं. गाळून निघालेला पातळ भाग, पामोलिन, फरसाणाच्या कढईत जातो; घट्ट भाग बेकरीच्या तुपात आणि वनस्पती तुपात. खारीचे पापुद्रे अशाच घट्ट मेदाने सुटतात.

पूर्वी हा घट्टपणा हायड्रोजनने आणला जाई. मुंबईत शिवडीच्या कारखान्यात १९३०च्या दशकात वनस्पती तूप बनू लागलं आणि पुढे घरोघरी पोचलं. त्यातले ट्रान्स मेद हृदयाला पामतेलाहून कितीतरी घातक. आपल्याकडे १ जानेवारी २०२२पासून तेला-तुपातल्या ट्रान्स मेदावर २ टक्क्यांची मर्यादा आली. ट्रान्स मेदांची जागा बऱ्याच अंशी पामतेलाने घेतली, आणि ही सुधारणाच आहे. पामतेलाला सरसकट विष ठरवणारे हे विसरतात. माझी तक्रार एवढीच, की आपण त्याच पायरीवर थांबलो.

शुद्धीकरणाचाही एक प्रश्न आहे. तेल २०० अंशांपलीकडे तापवलं की ग्लिसिडिल एस्टर तयार होतात. पोटात त्यांचं ग्लिसिडॉल होतं, ज्याला कर्करोगकारक असण्याची दाट शक्यता असलेल्या पदार्थांत धरलं जातं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ साली तपासलेल्या तेलांत हे एस्टर सर्वाधिक पामतेलात सापडले, आणि डब्याच्या दुधावर वाढणाऱ्या तान्ह्यांबद्दल तिने विशेष चिंता व्यक्त केली. पण त्याच अहवालानुसार उत्पादकांनी प्रक्रिया सुधारल्यामुळे २०१० ते २०१५ या काळात पामतेलातलं हे प्रमाण निम्म्यावर आलं होतं. कुणी मोजायला लागलं की कमी करता येतं.

साजूक तुपात पामतेलाहून अधिक संपृक्त मेद असतं. तरी तूप चमच्याने वाढलं जातं, किती खाल्लं ते डोळ्यांना दिसतं. बिस्किटाच्या पुड्यातलं तेल दिसत नाही. शंभर ग्रॅममध्ये वीस ग्रॅम पामतेल असेल, तर संपृक्त मेद दहा ग्रॅम. दिवसाला दोन हजार कॅलरी लागणाऱ्या माणसाने जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार बावीस ग्रॅमच्या आत राहायचं असतं. म्हणजे असा शंभर ग्रॅमचा पुडा खाल्ला, तर जवळपास निम्मा कोटा चहाबरोबरच संपतो.

पुडा उलटून पाहा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. कित्येक बिस्किटांवर मैदा, साखर आणि लगेच पामतेल. तेलाचं नाव आणि संपृक्त मेदाचा आकडा छापणं बंधनकारक आहे, पण इंग्रजीत किंवा हिंदीत, बारीक अक्षरांत. फक्त मराठी वाचणाऱ्या आजीला त्याचा काय उपयोग? पामतेल फक्त पुड्यातूनच घरात येतं असंही नाही. २०२२च्या दिवाळीत राज्य सरकारने शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला: रवा, हरभरा डाळ, साखर आणि एक लिटर पामतेल. सणाला गरिबाच्या घरी कढई चढावी हा हेतू चांगलाच होता. सोयाबीन पिकवणाऱ्या राज्याने त्या पिशवीत सोयाबीनचं तेल घालायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे.

सुट्या शेव-चकलीवर तर लेबलही नसतं. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा वापरून त्यातले ध्रुवीय घटक २५ टक्क्यांवर गेले, की ते वापरायला २०१८पासून बंदी आहे. गिऱ्हाइकाला ते घरी मोजता येत नाही. पण कढईमागे पंधरा किलोचा डबा ठेवलेला असतो आणि त्यावर तेलाचं नाव छापलेलं असतं. फराळाची ऑर्डर देताना तो दाखवा म्हणायला हरकत नाही.