संगणकांचे नवे पत्ते

२००२ सालीं मुंबईंतील दूरध्वनींच्या सात आंकडी क्रमांकांच्या आरंभीं २ हा आंकडा जोडण्यांत आला. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील क्रमांक आठ आंकडी झाले. जुना क्रमांक मात्र त्यांच्या पोटांत तसाच राहिला. इंटरनेटवरील पत्त्यांची टंचाई इतक्या सोप्या उपायानें मिटण्यासारखी नाहीं.

१९८१ सालीं ठरलेल्या आयपी आवृत्ति ४ मध्यें पत्ता ३२ बिटांचा असून एकंदर पत्ते सुमारें ४२९ कोटि भरतात. जागतिक सांठ्यांतील त्यांचे शेवटचे गट २०११ सालीं वांटले गेले. आवृत्ति ६ चा पत्ता १२८ बिटांचा असल्यामुळें त्यांत तुटवड्याची भीति नाहीं. परंतु या दोन पद्धतींस परस्परांची भाषा समजत नाहीं. २०१६ सालीं सुरू झालेल्या जिओसारख्या सेवांमुळें उपनगरांतील असंख्य मोबाइलांना नवा पत्ता मिळाला आहे. दुकानदारी चालविणारे संगणक मात्र आंतून पुष्कळदां जुन्याच पत्त्यांवर चालतात.

कुबरनेटिस ही व्यवस्था असे अनेक संगणक एकत्र राबविते. तींत 'कंटेनर' नांवाच्या वेष्टनांत बांधलेले कार्यक्रम चालतात आणि त्यांच्या प्रत्येक लहान गटास, म्हणजे 'पॉड'ला, स्वतंत्र पत्ता लागतो. सणाच्या दिवशीं घरोघरून वाणसामानाची मागणी वाढली, कीं पॉडही वाढवावे लागतात. राखून ठेवलेले पत्ते संपले, तर नवे पॉड सुरू होत नाहींत आणि मागणी खोळंबते.

यासाठीं प्रत्येक पॉडला दोन्ही पद्धतींचे पत्ते देण्याची सोय निघाली. डिसेंबर २०२१ मधील १.२३ या आवृत्तींत ती पक्की झाली. तिनें जुने व नवे दोघेही संपर्कांत राहतात. पण प्रत्येक पॉड जुनाही पत्ता घेतो, म्हणून मूळची टंचाई कमी होत नाहीं. सर्व कार्यक्रमांना नवा पत्ता समजूं लागला, म्हणजेच जुना सोडतां येईल.