विश्लेषण : गच्चीवरचा पाऊस आणि बातमीतला पाऊस वेगळा का दिसतो?

रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी बातमीत ९० मिमीचा आकडा आला, पण घरच्या हवामान केंद्राच्या पडद्यावर ‘आजचा पाऊस’ जेमतेम २० मिमी. यंत्र बिघडले की काय, अशी शंका येते. पण आधी पाहायला हवे ते घड्याळ.

भारतीय हवामान विभाग २४ तासांचा पाऊस आदल्या सकाळी साडेआठ ते आज सकाळी साडेआठ असा मोजतो. घरगुती केंद्राचा दिवस बहुधा मध्यरात्री १२ वाजता सुरू होतो. म्हणजे रात्री नऊची सर एकाच्या हिशेबात ‘आज’, दुसऱ्याच्या हिशेबात ‘काल’. २६ जुलै २००५ च्या प्रलयाचा सांताक्रूझचा ९४४ मिमी हा आकडाही २७ जुलैच्या सकाळी साडेआठपर्यंतचा आहे. त्याच २४ तासांत कुलाब्यात ७५ मिमीही पाऊस झाला नव्हता. एकाच शहरात एवढा फरक पडतो, म्हणून तर गच्चीवरची नोंद मोलाची. फक्त ती टिकायला हवी.

नोंद ठेवते कोण?

पर्जन्यमापकातली छोटी पळी ठरावीक पाणी भरले की कलंडते. अनेक यंत्रांत एक कलंडी म्हणजे ०.२ मिमी. यंत्र कलंड्या मोजते, पण जुन्या नोंदी फार काळ सांभाळत नाही. डेव्हिस कंपनीच्या व्हँटेज प्रो २ केंद्राच्या डेटा लॉगरमध्ये २,५६० नोंदी मावतात. दर पाच मिनिटांनी एक नोंद धरली, तर नऊ दिवसही पुरे होत नाहीत. त्यानंतर नवी नोंद जुनीला पुसते.

इथे ‘वीवेक्स’सारखे सॉफ्टवेअर उपयोगी पडते. ते मोफत आहे, मुक्तस्रोत आहे, पायथॉनमध्ये लिहिलेले आहे आणि रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकावर चालते. केंद्राकडून येणारे तापमान, आर्द्रता, वारा, पाऊस ते आपल्याच डेटाबेसमध्ये साठवते. पाच मिनिटांच्या हिशेबाने दिवसाला २८८ नोंदी. कंपनीच्या क्लाउडवर विसंबलेल्यांना ही मुभा नसते. सेवा बंद पडली की आधीचे पावसाळेही गेले.

मग आकडा जुळवायचा कसा?

डेटाबेसमधून काल ८.३५ ते आज ८.३० या वेळेच्या नोंदींतील पावसाची बेरीज करायची. ८.३० पासून का नाही? कारण वीवेक्स प्रत्येक नोंदीवर त्या पाच मिनिटांच्या शेवटची वेळ टाकते; कालची ८.३० ची नोंद ८.२५ ते ८.३० मधल्या पावसाची असते. एवढे करूनही थोडा फरक राहीलच, कारण सरकारी मापक दुसऱ्या ठिकाणी असतो. आणि आपला मापक पाण्याच्या टाकीच्या आडोशाला असेल, तर दोष बेरजेचा नाही.

वीज गेली तर?

पावसाळ्यात हा प्रश्न येणारच. रास्पबेरी पायच्या ‘४’ पर्यंतच्या मॉडेलांत बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. वीज आली पण इंटरनेट आले नाही, तर संगणक चुकीच्या वेळेने सुरू होतो आणि रात्रीचा पाऊस भलत्याच वेळेखाली नोंदला जाऊ शकतो. त्यासाठी बॅटरीवरचे घड्याळाचे छोटे सर्किट वेगळे जोडता येते. व्हँटेजचा कन्सोल स्वतःच्या बॅटरीवर चालू राहिला असेल, तर सुरू झाल्यावर वीवेक्स लॉगरमधल्या राहिलेल्या नोंदी मागवून घेते. मेमरी कार्ड मात्र सततच्या लिखाणाने आणि अचानक वीज जाण्याने खराब होते. डेटाबेसची एक प्रत दर आठवड्याला पेन ड्राइव्हवर काढून ठेवावी, ती जूनच्या आधीपासूनच.