आठ शिलिंगांची खोली

परदेशी शिकायला गेलेल्या मुलाची पत्रे घरात जपून ठेवली जातात, फोटो चौकटीत बसवून भिंतीवर लागतो. पण त्याच्या जमाखर्चाची वही सहसा कोणी राखत नाही. तो तिथे काय खात होता, कशाने जात-येत होता, करमणुकीवर किती उडवत होता, हे सगळे त्या वहीतच असते. मी एका पतपेढीत हिशेबनीस म्हणून सव्वीस वर्षे काढली. इतिहासाचे रीतसर शिक्षण मला नाही, जे वाचले ते नोकरी सांभाळून. त्यामुळे मोहनदास करमचंद गांधी नावाच्या विद्यार्थ्याची लंडनमधली तीन वर्षे मी नेहमी आकड्यांच्या बाजूने वाचत आलो. त्याने स्वतःच आत्मचरित्रात इतके आकडे देऊन ठेवले आहेत की निम्मे खातेपुस्तक त्यातून उभे राहते.

आधी चलन समजून घेऊ. एका पौंडाचे २० शिलिंग आणि एका शिलिंगाचे १२ पेन्स. त्या काळी चांदीचा भाव घसरत होता आणि आपला रुपया चांदीचा, म्हणून एका पौंडाला साधारण १४-१५ रुपये मोजावे लागत. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून ‘क्लाइड’ बोटीने निघालेला हा मुलगा अजून एकोणीस वर्षांचाही नव्हता. घरी बायको आणि लहान मूल होते, खर्चाचा भार थोरल्या भावावर होता.

सुरुवातीचे पान उधळपट्टीचे आहे. मुंबईत शिवलेले कपडे विलायतेत शोभत नाहीत म्हणून नवे शिवले. उंच टोपी १९ शिलिंगांची. बाँड स्ट्रीटवर शिवलेला संध्याकाळचा पोशाख १० पौंडांचा. घड्याळासाठी दुपदरी सोन्याची साखळी भावाकडून मागवली. रोज दहा मिनिटे आरशासमोर गळपट्टा बांधण्यात आणि भांग पाडण्यात जात. नृत्याच्या वर्गाची फी ३ पौंड. तीन आठवड्यांत सहाएक धडे झाले, पण पियानोचा ताल काही कळेना. ताल कळावा म्हणून ३ पौंडांचे व्हायोलिन घेतले आणि ते शिकवणारी बाईही गाठली. वक्तृत्व शिकवणाऱ्याला आणखी एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग. हा सोस तीनेक महिने चालला. मग शिकवण्या सोडल्या आणि शिक्षिकेलाच व्हायोलिन मिळेल त्या किमतीला विकून देण्याची विनंती केली. पोशाखातली टापटीप मात्र पुढे कित्येक वर्षे राहिली.

या काळातही एक सवय चांगली होती. बसचे भाडे असो की टपालाचे तिकीट, पै-पैचा खर्च लिहायचा आणि रात्री झोपण्यापूर्वी शिल्लक जुळवायची. हिशेब लिहिल्याने खर्च आपोआप कमी होत नाही, पण गळती कुठे आहे ते दिसते. गांधींना ती एका अनपेक्षित ठिकाणी दिसली. ते एका कुटुंबात पैसे देऊन राहत होते. अशा राहण्यात आठवड्याचे बिल ठरलेले असे आणि बाहेर जेवले तरी त्यातून काही वजा होत नसे. शिवाय रीत म्हणून घरच्या मंडळींना अधूनमधून बाहेर जेवायला न्यायचे, सोबत स्त्री असेल तर गाडीभाड्यापासून सगळे पैसे पुरुषाने द्यायचे. म्हणजे खरा खर्च भिडेचा होता.

उपाय त्यांनी दोन टप्प्यांत केला. प्रथम स्वतंत्र खोल्या घेतल्या, त्याही अशा जागी की कामाच्या ठिकाणी अर्ध्या तासात पायी पोचता यावे. गाडीभाडे वाचले आणि रोज आठ-दहा मैलांची चाल झाली. लंडनमध्ये आपण फारसे आजारी पडलो नाही, याचे श्रेय ते या चालण्यालाच देतात. पुढे आठवड्याला ८ शिलिंगांची एकच खोली घेतली आणि एक शेगडी. सकाळी ओटची लापशी आणि कोको, दुपारी बाहेर जेवण, रात्री पुन्हा पाव आणि कोको. खाण्याचा खर्च दिवसाला १ शिलिंग ३ पेन्स.

आता बेरीज करा. सात दिवसांचे खाणे ८ शिलिंग ९ पेन्स, त्यात भाडे ८ शिलिंग; एकूण १६ शिलिंग ९ पेन्स. पौंडातून ३ शिलिंग ३ पेन्स धोबी, टपाल, वर्तमानपत्र यांना उरतात. पुढे दक्षिण आफ्रिकेत असताना गांधींनी विलायतेला जाणाऱ्या हिंदी विद्यार्थ्यांसाठी एक मार्गदर्शिका लिहिली होती. ती त्यांच्या हयातीत छापली गेली नाही, पण त्यांच्या समग्र लेखनाच्या पहिल्याच खंडात आहे. आठवड्याला एका पौंडात राहता येते, असे ते तिथे सांगतात. आपली बेरीज त्याच्याशी जुळते. याच मापाने मागचे पान तपासले तर बाँड स्ट्रीटचा पोशाख म्हणजे त्या खोलीचे पंचवीस आठवड्यांचे भाडे होते.

म्हणून हा मुलगा करमणुकीला मुकला असे समजू नये. फॅरिंग्डन स्ट्रीटवरचे शाकाहारी उपाहारगृह सापडले त्या दिवशी विलायतेत आल्यापासून प्रथमच पोटभर जेवलो, असे तो लिहितो. तिथेच त्याने सॉल्टचे शाकाहारावरचे पुस्तक १ शिलिंगाला घेतले. आईला दिलेले वचन म्हणून पाळलेला नेम त्यानंतर स्वतःच्या पटण्याचा झाला. त्यातून मंडळी भेटली, सभा मिळाल्या. नारायण हेमचंद्र नावाचे गुजराती लेखक लंडनमध्ये त्याचे स्नेही झाले. त्यांनी एकदा कुठून तरी मूग पैदा करून, शिजवून याच्या खोलीवर आणले. परमुलखात राहिलेल्या कोणालाही त्या मुगाची किंमत सांगावी लागणार नाही.

प्रवासही झाला. पॅरिसचे जागतिक प्रदर्शन पाहायला तो गेला. आत्मचरित्रात साल १८९० दिले आहे. प्रदर्शन भरले होते १८८९ च्या मे ते ऑक्टोबरमध्ये. शाकाहारी जेवण मिळेल अशा ठिकाणी सात दिवस मुक्काम केला आणि नकाशा हातात घेऊन बहुतेक शहर पायी पाहिले. आयफेल टॉवरवर दोन-तीनदा चढला. वरच्या उपाहारगृहात, इतक्या उंचीवर जेवलो एवढे म्हणता यावे म्हणून, ७ शिलिंग उडवले. घरभाड्याच्या आठवड्याला एकच शिलिंग कमी! काटकसर म्हणजे सगळेच बंद करणे नव्हे, हे मला या एका नोंदीवरून कळते.

वाचलेला वेळ आणि पैसा कुठे गेला? बॅरिस्टर होण्यासाठी बारा सत्रांत मिळून निदान बहात्तर भोजने हजेरी म्हणून खावी लागत, एकेकाला अडीच ते साडेतीन शिलिंग. परीक्षा इतक्या सोप्या की मुले टिपणांवर निभावत. गांधींनी मात्र रोमन कायदा लॅटिनमधून वाचला आणि इंग्लंडच्या कायद्यावर नऊ महिने कसून मेहनत घेतली. लंडन मॅट्रिकही, पहिल्या खेपेस लॅटिनमध्ये नापास होऊन, दुसऱ्या खेपेस काढली. १० जून १८९१ ला सनद मिळाली आणि १२ जूनला ते बोटीत बसले.

आमच्या पतपेढीत आता परदेशी शिक्षणाच्या कर्जाचे अर्ज येतात. फी दमडीपर्यंत अचूक लिहिलेली असते. ‘राहणे-जेवण’ या रकान्यात मात्र अंदाजाचा एक गोल आकडा. कर्जाला जामीन राहतो बाप किंवा काका, आणि घर तारण पडते. मी मुलांना साधेपणाचा उपदेश करत नाही. पहिल्या तीन महिन्यांत चूक होणारच, कोट घेतला जाणारच. रोजचा खर्च लिहा आणि खोली घेताना पायी किती वेळ लागेल ते विचारा, एवढेच सांगतो.

आणि दिवाळीचे म्हणाल, तर १८९१ च्या वसंतात याच विद्यार्थ्याने लंडनच्या ‘द व्हेजिटेरियन’ साप्ताहिकात हिंदी सणांवर लेख लिहिले. त्यांत दिवाळी आहे. आठ शिलिंगांच्या खोलीत राहिलेल्या त्या मुलाने घरचा सण परक्या वाचकांना नीट उलगडून सांगितला.