अंतराळयानाची गोधडी

आमच्या घरी आजीने शिवलेली एक गोधडी आहे. तिच्यात आजीच्याच जुन्या लुगड्याचा काठ आहे, वडिलांचा शाळेतला सदरा आहे आणि कुठल्याशा पडद्याचा तुकडा आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत या गोधडीची मला फार आठवण झाली, आणि तीही अगदी भलत्या प्रसंगी. मी तेव्हा टेबलापाशी बसून एका अंतराळयानाचा सत्यानाश करीत होतो.

झाले होते असे. अमेरिकेत राहणाऱ्या मावसभावाने येताना मला दोन खोकी आणली. दोन्हींत प्लॅस्टिकचे सुटे भाग. जोडले की 'स्टार ट्रेक'मधले 'एंटरप्राइज' यान तयार होते. (आमच्या काही प्राध्यापकांना ही मालिका १९८० च्या दशकात दूरदर्शनवर पाहिल्याचे आठवत असेल.) एका खोक्यात १९६६ सालच्या पहिल्या मालिकेतले यान होते, तर दुसऱ्यात १९८७ साली सुरू झालेल्या पुढच्या मालिकेतले. खोक्यावरच्या चित्राप्रमाणे जोडायचे, तर तसे हजारोंनी जोडले आहे. मला दोन्हींतले भाग घेऊन तिसरेच, माझे यान करायचे होते. या उद्योगाला तिकडे 'किटबॅशिंग' म्हणतात. किटची मोडतोड म्हणा ना!

हा उद्योग केवळ हौशी पोरांचा आहे असे मात्र नाही. १९६७ साली 'द डूम्सडे मशीन' या भागासाठी 'एंटरप्राइज'सारखेच दुसरे, मोडके यान दाखवायचे होते. नवे मॉडेल घडवायला पैसा आणि वेळ कोठून आणणार? तेव्हा एएमटी कंपनीचे दुकानात मिळणारे किट आणले, त्याला जाळून-पोळून अवकळा आणली आणि नाव दिले 'कॉन्स्टेलेशन'. किटमध्ये क्रमांकाचे आकडे होते १७०१ चे. त्यांचीच अदलाबदल करून १०१७ केले, की झाले दुसरे यान! पुढे १९९० साली 'द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स' या कथेत युद्धात नष्ट झालेल्या ताफ्याचे दृश्य होते. त्यातली काही याने किटच्या भागांची होती, आणि काहींना चक्क हायलायटर पेनांची नळकांडी लावली होती. आपण ज्याने पाठ्यपुस्तकात रेघा मारतो तेच हे पेन!

'एंटरप्राइज'वरच असे प्रयोग का होतात, याचे कारण तिच्या घडणीत आहे. मॅट जेफरीज यांनी तिची रचना करताना प्रत्येक कामाला वेगळा आकार दिला. माणसांसाठी पुढे तबकडी, मागे लांबट धड, आणि धोकादायक इंजिने दूर खांबांवर, दोन नळकांड्यांत. या नळकांड्यांना 'नॅसेल' म्हणतात. भाग इतके स्वच्छ सुटे असल्यामुळे ते भाषेतल्या शब्दांसारखे वापरता येतात. क्रम बदलला की वाक्य बदलते. विमानांचे आराखडे काढण्यात हयात घालवलेल्या फ्रान्झ जोसेफ यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या तांत्रिक पुस्तिकेत हेच केले. तबकडीखाली एकच नॅसेल लावली की छोटी विनाशिका, तीन लावल्या की महाकाय युद्धनौका. चाहत्यांनी दोन-दोन किटे फोडून ही याने घरी बांधली. नॅसेल जोडीनेच हव्यात की विषम चालतील, हा वाद अजूनही रंगतो. १९९४ साली पुढच्या मालिकेच्या कर्त्यांनीच 'एंटरप्राइज'ला तिसरी नॅसेल चढवली, तरी तो मिटला नाही!

आता माझ्या प्रतापाकडे येतो. जुन्या यानाची तबकडी आणि नव्याचे धड मी हौसेने चिकटवले. आकार झकास दिसत होता. धाकटी बहीण आली, तिने यान हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि विचारले, "दादा, वर राक्षस राहतात आणि खाली मुंग्या, असं का रे?"

ती हसत निघून गेली. मी मात्र पट्टी घेऊन बसलो. दोन्ही मॉडेले टेबलावर सारखीच, सुमारे दीड फूट लांब. पण कथेतले जुने यान २८९ मीटरचे, तर नवे सुमारे ६४० मीटरचे. म्हणजे एकाचे माप साधारण ६५० ला एक, दुसऱ्याचे १४०० ला एक. तीन मीटर उंचीचा मजला एका मॉडेलवर साडेचार मिलिमीटरचा होतो, दुसऱ्यावर जेमतेम दोनचा. खिडक्या त्याच हिशेबाने. बहिणीला गणित ठाऊक नव्हते, पण डोळ्याला ते आपोआप कळते.

खिडकी, दार, शिडी, कठडा या माणसाच्या खुणा आहेत, आणि त्याच यानाचे माप सांगतात. ज्या भागावर माणसाची खूण नाही त्याला स्वतःचे मापच नसते. तो हवा तेवढा मोठा मानता येतो. हे उमगल्यावर 'स्टार वॉर्स'चे कोडेही सुटले. १९७७ च्या त्या चित्रपटासाठी कारागिरांनी रणगाडे, युद्धनौका, शर्यतीच्या मोटारी यांच्या किटांचे ढीग आणून त्यांतले तुकडे यानांच्या अंगावर चिकटवले. अशा तुकड्यांना ते 'ग्रीबल' म्हणत. रणगाड्याचे इंजिन तिथे एखाद्या कारखान्याएवढे भासते, कारण शेजारी तुलनेला माणूस नाही. तोच रणगाडा वरच्या झाकणासकट लावला असता, तर लगेच चोरी पकडली गेली असती.

मग मी तबकडीच्या सगळ्या मोठ्या खिडक्या एम-सीलने बुजवल्या, पॉलिश पेपरने घासून सपाट केल्या आणि टोकदार पेन्सिलीने दोन मिलिमीटरच्या मजल्यांवर नव्या आखल्या. तीन संध्याकाळी गेल्या. जुन्या नॅसेल मात्र तशाच ठेवल्या, कारण त्यांना खिडक्याच नाहीत. चिकटवण्याचीही एक गंमत आहे. किटचे प्लॅस्टिक सिमेंटने विरघळून एकजीव होते. हायलायटरचे प्लॅस्टिक बहुधा वेगळ्या जातीचे असते, त्याला ते सिमेंट दाद देत नाही. फेविक्विक वापरले तर आसपास पांढरी भुकटी धरते, ती घासून काढावी लागते. शेवटी सगळ्यावर एकच करडा रंग दिला, आणि त्या क्षणी तुकडे दिसेनासे होऊन यान दिसू लागले!

हे सारे आधी सुचायला हवे होते. आजी गोधडी शिवताना सर्व तुकडे जमिनीवर पसरून चार-चार दिवस नुसती हलवाहलव करायची, टाका घालायची घाई नाही. मीही आधी चिकटपट्टीने नुसते जोडून पाहिले असते, तर एक धड वाया गेले नसते. करवतीने सोडवताना ते तडकले, आणि बदली भाग इथल्या दुकानात मिळत नाही.

वडिलांचा आक्षेप वेगळाच होता. "दुसऱ्याच्या खोक्यातले तुकडे! यात तुझं काय? एक ना धड, भाराभर चिंध्या." मी त्यांना गोधडीतला त्यांचाच सदरा दाखवला. ते म्हणाले, "ती पांघरता तरी येते." यावर मला अजून उत्तर सुचलेले नाही. मात्र परवा पाहुण्यांना यान दाखवताना तबकडी कुठली आणि नॅसेल कुठल्या हे तेच सांगत होते, आणि खिडक्या 'आमच्या मुलाच्या' असेही म्हणाले.

यान सध्या पुस्तकांच्या कपाटावर आहे. तडकलेल्या धडाच्या जागी औषधाच्या बाटलीचे टोपण आहे. कुठे ते सांगणार नाही. क्रमांकासाठी खोक्यातल्या १७०१ च्याच आकड्यांवर भागवायचे होते. १०१७ आधीच गेलेला, म्हणून बहिणीने १०७१ लावला. त्यातला सात थोडा तिरका बसला आहे.