व्याज कोणाच्या घरीं जातें ?

आगगाडी उल्हासनगर व अंबरनाथ मागें टाकून बदलापुराकडे धांवूं लागली म्हणजे बाजारपेठा व कारखाने सरतात आणि भाताचीं खाचरें, वीटभट्ट्या व आदिवासी बांधवांच्या वाड्या दिसूं लागतात. भातकापणी आटोपतांच यांतील कित्येक कुटुंबें भट्टीवर जातात. कारण पावसाळ्यांत घेतलेली ‘उचल’ त्यांस मजुरींतून फेडावयाची असते. दारिद्र्याचें मूळ केवळ तुटपुंज्या मिळकतींत नाहीं. आजारपणीं किंवा पेरणीच्या वेळीं हातीं पैसा नसणें, यांतही तें आहे.

आपण एक साधा हिशेब करूं. एखाद्या स्त्रीनें सावकाराकडून ५,००० रुपये दरमहा शेंकडा १० व्याजानें घेतले, तर वर्षाचें व्याजच ६,००० रुपये होतें, आणि मुद्दल जसेंच्या तसें राहतें! आतां वाडींतील दहा स्त्रियांनीं बचत गट स्थापून दरमहा शंभर रुपये टाकले, तर वर्षांत १२,००० रुपये सांचतात. त्यांतून तेंच कर्ज दरमहा शेंकडा २ नें घेतल्यास व्याज १,२०० रुपये पडतें. शिवाय हें व्याज परक्याच्या तिजोरींत न जातां गटाच्याच पेटींत परत येतें. गटाचें सारें मर्म यांतच आहे.

हा प्रश्न जुनाच आहे. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचे दस्तऐवज जाळले. १९०४ सालीं सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. परंतु ज्यांपाशीं तारण ठेवावयास जमीन नाहीं, त्यांस पतपेढीचें दार सहसा उघडत नसे. १९९२ सालीं नाबार्डनें बचत गट बँकांशीं जोडण्याचा प्रयोग आरंभिला आणि परस्परांचा विश्वास हेंच तारण ठरलें. आपल्या राज्यांत महिला आर्थिक विकास महामंडळ व ‘उमेद’ अभियान हें कार्य करीत आहेत.

मात्र गट म्हणजे जादूची कांडी नव्हे. बैठका चुकल्या, हप्ते थकले, वही अपुरी राहिली, कीं एकीच्या चुकीनें दुसरीचें कर्ज अडतें आणि विश्वास ढासळतो.

विद्यार्थिमित्रांनो, आपली आई गटांत असल्यास महिनाअखेर तिच्याजवळ बसून वहींतील बेरीज तपासून पाहा. शाळेंत शिकलेलें सरळव्याज याहून अधिक उपयोगी कोठें पडणार ?